शून्याने भागण्याचा नियम

शून्य भारताने जगाला दिले, हे वाक्य बिदर जिल्ह्यातल्या भालकी-औरादकडच्या मुलांनाही पाठ असते. वाक्य अभिमानाचे आहे, पण त्यावर मुलांना पुढे काही विचारता येत नाही.

या अभिमानाचे मूळ समजण्यासारखे आहे. १८१७ साली इंग्रज अभ्यासक कोलब्रुकने ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांचे गणित इंग्रजीत आणले. त्यानंतर हे ज्ञान इथलेच की ग्रीकांकडून आलेले, यावर शतकभर वाद चालला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ मराठीत लिहिले, तेव्हा त्या वादात उतरणे त्यांना भागच होते. त्यांनी ग्रंथ ताडून पाहिले, स्वतः गणिते केली. आपण त्यांचा निष्कर्ष तेवढा उचलला आणि छाननी मागे ठेवली.

ती छाननी वर्गात आणायला आपला सीमाभाग फार सोयीचा आहे. कलबुर्गी जिल्ह्यात सेडम तालुक्यात कागिणा नदीकाठी मळखेड आहे, राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. कडू, तिखट, आंबट अशा सहा रसांची किती मिश्रणे होतील, असे त्यात विचारले आहे. दोन-दोनची १५, एकापासून सहापर्यंत सगळी मिळून ६३. सहावीतल्या मुलांनाही हे वहीवर मांडून पाहता येईल.

याच ग्रंथात महावीराचार्य म्हणतात, शून्याने भागले तरी संख्या तशीच राहते. हे चूक आहे, आणि मला वाटते ते मुलांना मुद्दाम सांगावे. कारण मुलांचाही पहिला अंदाज बहुधा हाच असतो: कोणालाच वाटून दिले नाही तर जवळचे आहे तेवढेच उरणार. तीनशे वर्षांनी भास्कराचार्यांनी अशा राशीला ‘खहर’ म्हटले आणि ती अनंत मानली. आज आपण या भागाकाराला अर्थच नाही असे म्हणतो. थोर माणसेही इथे अडली होती हे कळले, की अडलेला मुलगा त्यांच्याच पंगतीत बसतो.

‘आपले’ ज्ञान कोणते म्हणायचे, हा प्रश्न बिदरला आणखी रुंदावतो. इराणातल्या गीलानहून आलेल्या बहमनी वजीर महमूद गवानने १४७२ मध्ये तिथे मदरसा उभारला. धर्मशास्त्राबरोबर तिथे गणित आणि ज्योतिषही शिकवत. पुढे १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने भास्कराचार्यांची ‘लीलावती’ फारसीत नेली. म्हणजे ज्ञान इकडे आले तसे इकडून गेलेही.

ब्राझीलचे गणितज्ञ उबिरातान द’अँब्रोसिओ यांनी १९८०च्या दशकात आग्रहाने मांडले, की गणित पंडितांच्या पोथीइतकेच लोकांच्या कामातही असते. बिदरजवळच्या नौबादची कारेज हे त्याचे आपल्याकडचे उदाहरण. जमिनीखालून पाणी नेणारी ही इराणी पद्धतीची वाट. उतार जास्त झाला तर पाण्याच्या ओघाने तळ खचतो, कमी झाला तर गाळ साचतो. शंभर हात लांबीला किती उतार द्यावा, हे मुलांनी दोरी आणि पाणसळ घेऊन आधी शाळेच्या अंगणात काढावे, मग नौबादला जावे.