वर्षाला किती?

वाईच्या मधल्या आळीत एका वाड्यात दोन भाऊ राहायचे. चुली दोन, अंगण एक, आई दोघांची. शिवाय सगळ्यांत थोरली बहीण, आक्का. यजमान गेल्यावर ती माहेरी परतली होती, आणि ज्या चुलीवर पिठलं चांगलं झालं असेल तिकडे तिचं ताट असायचं.

आईला एक्याऐंशीवं लागलं तसं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. भटजींना सांगून झालं, आचारी ठरला. मग माळ्यावरची ट्रंक खाली आली आणि तिच्यातून आईचं अख्खं आयुष्य निघालं. लग्नातला कृष्णधवल फोटो, नागमोडी काठांचे छोटे चौकोनी फोटो, फिल्मच्या काळातले आता तांबूस पडलेले रंगीत फोटो. नातवंडांच्या मोबाइलमधले हजारभर वेगळेच. त्यातले साठ निवडायचे आणि पाच आल्बम करायचे, म्हणजे तीनशे फोटो. ‘बाहेर कशाला द्यायचे, प्रिंटर घरातच घेऊ,’ हे दोन्ही चुलींकडून एकदमच निघालं. कोणता घ्यायचा यावर मात्र एकमत होईना.

धाकटा, ज्याला सगळे भाऊ म्हणत, दुकानदार होता. माल आणायला पुण्याला गेला तेव्हा तपकीर गल्लीतून अडतीसशे रुपयांचा प्रिंटर उचलून आला. स्कॅनर आहे, झेरॉक्स निघते, मोबाइलवरून फोटो जातो. एवढा मोठा डबा चार हजारांच्या आत कसा काय परवडतो, हा प्रश्न त्याला पडला नाही. खरं तर गल्ल्यावर बसणाऱ्यालाच तो पहिल्यांदा पडायला हवा. यंत्र जवळजवळ तोट्यात विकायचं आणि पुढे शाईवर वसूल करायचं, हा या धंद्याचा जुना रिवाज आहे. खोक्यातून येणारी पहिली काडतुसंही बऱ्याचदा पुरती भरलेली नसतात. गिऱ्हाईक पहिल्याच महिन्यात शाई आणायला परत येतं ते त्यामुळे.

भाऊने रात्री जेवणं झाल्यावर फोटो काढायला घेतले. आईच्या नातीच्या हळदीचे फोटो आधी घेतले, कारण ते सगळ्यांना आवडणारे. पंचवीस-तीस फोटो झकास आले. त्यानंतरच्या फोटोत नवरीच्या गालावरची हळद फिकी झाली, पुढच्यात गेलीच, आणि त्यापुढच्यात नवरी, करवली, वरमाई सगळ्या जांभळ्या. पिवळी शाई संपली होती. निळी आणि गुलाबी शिल्लक होती, पण तिन्ही रंग एकाच काडतुसात. एक संपला की तिन्ही फेकायचे. हळदीचेच फोटो काढत बसलं तर पिवळी आधी संपणार हे उघड आहे, पण हे शहाणपण जांभळी नवरी हातात आल्यावरच सुचतं.

नवं रंगीत काडतूस अकराशेला पडलं. ते संपल्यावर दुसरं. तिसऱ्याला भाऊ दुकानात उभा राहिला आणि त्याच्या ध्यानात आलं की तीन काडतुसांच्या पैशात जवळजवळ नवा प्रिंटरच येतो. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा आक्का शेंगा सोलत होती. ती एवढंच म्हणाली, “चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.” भाऊने प्रिंटर पोराच्या खोलीत नेऊन ठेवला. तिथे त्यावर शाळेचे प्रोजेक्ट निघू लागले.

आता पाळी थोरल्याची. अण्णा तहसील कचेरीत हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. ज्या गावात मराठी विश्वकोश घडला त्या गावचा माणूस, कुठलीही गोष्ट मुळापासून वाचल्याशिवाय हात लावायचा नाही, असं ते म्हणत. पंधरवडाभर त्यांनी प्रिंटरचा अभ्यास केला. लाल कापडी बांधणीची एक वही त्यासाठी काढली.

अण्णांना पहिली गोष्ट कळली ती खोक्यावरच्या आकड्याची. काडतुसावर ‘इतकी पानं’ असं जे छापलेलं असतं ते आयएसओ/आयईसी २४७११ या मानकाप्रमाणे मोजलेलं असतं. त्यात ठरलेली पाच नमुना-पानं पुनःपुन्हा छापतात. मजकूर, आलेख, एखादं चित्र, आणि भोवती भरपूर कोरा कागद. फोटोत कोरा कागद कुठला? कडेपासून कडेपर्यंत शाईच. फोटोंसाठी वेगळं मानक आहे, २९१०२, पण दुकानात तो आकडा कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. भाऊला दीडशे पानं कबूल करणाऱ्या काडतुसाने तीस फोटोंत मान का टाकली, याचा उलगडा अण्णांना झाला. तो त्यांनी भाऊला ऐकवला. भाऊला तो आवडला नाही.

मग अण्णांनी टाकीवाला प्रिंटर घेतला. साधा चार रंगांचा नव्हे, खास फोटोंचा सहा रंगांचा. नेहमीच्या चार रंगांच्या जोडीला फिकी निळी आणि फिकी गुलाबी, म्हणजे गालांवर आणि आभाळात ठिपके दिसत नाहीत. पंचवीस हजार मोजले. वहीत लिहिलं: सत्तर मिलिलीटरच्या सहा बाटल्या, त्यांत दीड-दोन हजार फोटो, शाई फोटोमागे दोन-अडीच रुपये, चार-बाय-सहाचा चकचकीत कागद चार रुपये. एकूण साडेसहा. स्टुडिओवाला पंधरा घेतो. खाली दोन रेघा मारल्या.

आणि काम खरोखर फर्मास झालं. अण्णांनी रात्री जागून तीनशे फोटो काढले. कागदाची चकचकीत बाजू कोणती, सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार कुठे बदलायचा, व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो चार-बाय-सहाला चालून जातो पण ए-फोर केला की चेहरे कसे विरघळतात, हे सगळं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. अडलं ते फक्त आईच्या लग्नाच्या फोटोपाशी. प्रिंटरमध्ये करड्या शाया नव्हत्या. करडा रंग तो बाकीच्या रंगांच्या मिश्रणातून जुळवायचा. त्यामुळे आई खिडकीपाशी हिरवट दिसे आणि दिव्याखाली तांबूस. सात-आठ कागद वाया गेल्यावर आक्काने तो फोटो गुपचूप बाजारातल्या स्टुडिओत दिला. तिथून तो लॅबला गेला आणि खऱ्या फोटोच्या कागदावर होऊन आला. पाचही आल्बमच्या पहिल्या पानावर तोच लागला. अण्णांनी वहीत त्याची नोंद केली नाही.

सोहळा पार पडला, आल्बम घरोघर गेले. प्रिंटरवर जुनं लुगडं पडलं.

मे महिन्यात पुतणी सुट्टीला आली. तिला मैत्रिणींचे चार फोटो हवे होते. अण्णांनी उत्साहाने लुगडं काढलं. पहिल्याच फोटोवर आडव्या पांढऱ्या रेघा, जणू मैत्रिणी पट्ट्यांच्या पडद्याआड उभ्या. चार-पाच महिने स्वस्थ बसल्याने आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेने शाई हेडच्या भोकांत वाळली होती. ही भोकं केसाहूनही बारीक असतात, त्यामुळे वाळलेल्या शाईचा कणही पुरतो. अण्णांनी ‘हेड क्लीनिंग’ केलं. नमुना काढला. रेघा कमी झाल्या, गेल्या नाहीत. पुन्हा केलं. मग ‘पॉवर क्लीनिंग’. हे धुणं पाण्याने नव्हे, शाईनेच होतं. आत एक स्पंज असतो, तो ही शाई पितो, आणि तो भरला की यंत्र काम थांबवून मेकॅनिक बोलवायला लावतं. टाक्यांवर अण्णांनी पेनाने खुणा केल्या होत्या. चार फोटोंपायी सहाही रंग बोटभर खाली आले. वहीत ‘धुलाई’ हा नवा रकाना काढावा लागला, आणि तो भरू लागला तसे फोटोमागचे साडेसहा रुपये कुठे दिसेनासे झाले.

“आठवड्याला एक रंगीत पान काढायचं असतं, काका,” पुतणी म्हणाली. “म्हणजे वाळत नाही.”

“कशाचं पान?”

“कशाचंही.”

फोटो नकोत म्हणून बंद ठेवलेला प्रिंटर चालू राहावा यासाठी नको असलेले फोटो काढायचे, हे अण्णांच्या कचेरीतल्या मनाला झेपेना. पुतणीनेच मग दुसरा उपाय काढला. कॅननच्या सेल्फीसारखे छोटे प्रिंटर असतात, त्यांत ओली शाईच नाही. रंगाची फीत असते. कागद चार वेळा आत-बाहेर होतो: पिवळा, गुलाबी, निळा, आणि वर एक पारदर्शक थर. एकशे आठ कागदांच्या खोक्यात तीन फिती, फितीमागे छत्तीस फोटो, दोन्ही बरोबरीने संपतात. वर्षभर कपाटात ठेवा, काही वाळत नाही. फोटो वीस-पंचवीस रुपयांना पडतो, पण आज पडतो तेवढ्यालाच पुढच्या दिवाळीतही. मला विचाराल तर घरात हौसेने अधूनमधून फोटो काढणाऱ्याला हाच हिशेब सगळ्यांत प्रामाणिक आहे. अण्णांनी वहीचं नवं पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

“ते टोपण लाव,” आक्का म्हणाली.

आक्काने बारा वर्षं बचत गटाचे पापड केले होते. उडदाचं पीठ, हिंग, तेल, लाटणाऱ्या बायकांची मजुरी, ओल्या पावसाळ्यात बुरशी लागून फुकट गेलेले पापड, हे सगळं शेकड्यामागे धरायची तिला सवय. ती उठून आपल्या कपाटाशी गेली आणि खालच्या खणातून स्टुडिओची जुनी पाकिटं घेऊन आली. घरात आलेलं कुठलंही पाकीट ती टाकत नसे. दर पाकिटावर तारीख आणि किती फोटो ते लिहिलेलं. पाच वर्षांची पाकिटं तिने चटईवर ओळीने मांडली. बारसं, मुंज, मुलाचा निकाल, गणपती, कुणाचा तरी पासपोर्ट. सगळे मिळून सव्वाशे फोटो.

“म्हणजे वर्षाला पंचवीस. हे तू वहीत कुठं लिहिलंयस?”

अण्णांनी पानं चाळली. शाई होती, कागद होता, वीज होती. हे नव्हतं.

“तू विचारत बसलास एका फोटोला किती. वर्षाला किती, ते कुणी विचारायचं? चल, तुझे तीनशेही धर. तीनशे आणि पुढच्या पाच वर्षांचे सव्वाशे, झाले सव्वाचारशे. पंचवीस हजाराला भाग.”

अण्णांनी तोंडीच केला. एकोणसाठला थोडे कमी. त्यात शाई नाही, कागद नाही, धुलाई नाही. तेच तीनशे फोटो स्टुडिओत दिले असते तर साडेचार हजारांत होते, आणि लग्नाचा फोटो पहिल्याच वेळी नीट आला असता. भाऊ दारात उभा राहून ऐकत होता. त्याला इतकं बरं वाटत होतं की आक्काने त्याच्याकडे वळून, “तुझा काढू?” असं विचारताच तो दुकानात काम आहे म्हणून निघून गेला.

“मग काय करू, भंगारात घालू?” अण्णा वैतागले.

“भंगारात कशाला? यंत्रात खोट नाही. त्याला रोज काम हवं.”

तहसील कचेरीच्या समोर एका पोराचं झेरॉक्सचं दुकान होतं. दाखले, सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळ्यांची त्याच्याकडे रांग. जून लागला की प्रवेशाची गर्दी, आणि प्रत्येकाला पासपोर्ट साइझ फोटो आत्ताच्या आत्ता हवा. पोरगा गिऱ्हाईक स्टुडिओकडे पाठवायचा, आणि ते झेरॉक्सही तिकडेच काढून घ्यायचं. चार-बाय-सहाच्या एका कागदावर पस्तीस-बाय-पंचेचाळीस मिलिमीटरचे आठ फोटो बसतात. आठांचे किती घ्यायचे ते पोराला ठाऊक होतं. पंचवीस हजार त्याच्याकडे नव्हते.

अण्णा, आक्का आणि प्रिंटर रिक्षातून तिथे गेले. पोराने दोन दिवस हेडशी झटापट केली. तिसऱ्या दिवशी रेघा गेल्या आणि त्यानंतर वाळायला शाईला सवड मिळाली नाही. रोज वीस-पंचवीस कागद निघू लागले. अण्णा पेन्शनच्या कामाचं निमित्त करून दुकानात डोकावत आणि टाकीवरच्या आपल्या खुणा पाहत. शाई झपाट्याने उतरायची, पण आता त्यांना त्याचं दुःख होत नसे.

राहिला पैशांचा प्रश्न. पोरगा म्हणाला, महिन्याला हजार देतो, पंधरा महिने. आक्काने बाराच महिने मागितले, आणि वर घरचे फोटो फुकट.

“घरचे म्हणजे किती, आजी?” पोराने सावध होऊन विचारलं.

“वर्षाला शंभर तरी!” अण्णा मध्येच बोलले, आणि खिशातून वही काढून शंभर फोटोंची किंमत मांडायला लागले.

“पंचवीस लिही रे बाळा,” आक्का पोराला म्हणाली. “याचं ऐकू नकोस. कागद आमचा.”