हात कुठे थांबतो

थोडा वेळ काढून बसा. पाठ टेकली तरी चालेल. लोकलमध्ये खिडकी मिळाली असेल तर तिथेही जमेल. श्वास मुद्दाम लांबवू नका. जसा चालला आहे तसा चालू द्या. आज एका कामाचं मनन करायचं आहे. ते काम आपलं नाही, त्यामुळे ते नीट होतंय की नाही याची काळजी आपल्याला नाही. फक्त बघायचं.

आषाढातली दुपार मनात आणा. लालबाग-परळचा भाग. चिवड्याची दुकानं, मसाल्याचा खकाणा मागे टाकून पुढे गेलं की एखाद्या मोकळ्या जागेत बांबूंचा उंच मांडव दिसतो. वर ताडपत्री, ताडपत्रीवर पाऊस. हा गणपतीचा कारखाना. मध्ये मंडळांच्या मोठ्या मूर्ती अजून पांढऱ्याफटक उभ्या आहेत, आणि कडेच्या फळ्यांवर घरगुती गणपती ओळीने बसलेत.

या फळीपाशी थांबा. शाडू इथे गुजरातेतून पोत्यांत येतो. तो भिजवायचा, मळायचा, साच्यात बोटांनी दाबून बसवायचा. साच्यातून काढलेल्या धडाला सोंड आणि हात जोडायचे. सांध्यावर पातळ माती लावून ओलं बोट फिरवायचं. त्या बोटाकडे नीट बघा. एकदा फिरलं की सांधा बुजतो. आणखी एकदा फिरलं की गुळगुळीत होतो. पुढेही फिरतच राहिलं तर माती जास्त पाणी पिते, कड बसते, आणि मघाशी आलेला उठाव हातानेच पुसला जातो. जाणता कारागीर त्याआधी बोट उचलतो आणि दुसऱ्या मूर्तीकडे वळतो.

स्वतःचं एखादं काम आठवा. लिहून झालेलं पत्र, मुलाच्या चित्रात आपण केलेली ‘जराशी’ दुरुस्ती, संपलेल्या भांडणात मागाहून टाकलेलं एक वाक्य. तिथे बोट कितीदा फिरलं? उत्तर सापडलं नाही तरी हरकत नाही. प्रश्न थोडा वेळ राहू द्या.

आता वाळवण. चतुर्थी भाद्रपदात, म्हणजे माती वाळवायची ती ऐन पावसाळ्यात. हवेतच ओल असते. कडक उष्णता देऊन घाई केली तर वरची माती आधी आकसते, आतली ओलीच राहते, आणि तडा जातो, बहुतेकदा जोडलेल्या जागीच. म्हणून मूर्ती सावलीत ठेवून द्यायची. या काळात हाताला करण्यासारखं काही नसतं. मागणी डोक्यावर असते, तारीख ठरलेली असते, आणि तरी मूर्तीपाशी जाऊन करायचं काहीच नसतं. हे रिकामेपण जरा अंगावर घेऊन बघा. वाट बघणं हाही कामाचा भाग आहे, हे मानायला आपल्याला किती जड जातं!

मांडवाच्या मध्यावर या. प्लॅस्टरची रीत वेगळी. ते भाजलेलं जिप्सम. पाणी मिळालं की काही मिनिटांत घट्ट होतं. काथ्या घालून साच्यात थापलं की आतून पोकळ, वजनाला हलकी मूर्ती निघते. मंडळांच्या उंच मूर्ती त्यामुळेच जमतात. पण घट्ट झालेलं प्लॅस्टर समुद्रात शाडूसारखं विरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्लॅस्टरच्या मूर्तींना नकार दिला. कारखान्यांत तेव्हापासून पोटाचा प्रश्न आणि समुद्राचा प्रश्न समोरासमोर उभे आहेत. इथे निवाडा करायला बसू नका. एवढंच लक्षात घ्या, की हात थांबला तरी वस्तू थांबत नाही. आपण सोडून दिलेलं कुठे जातं, हा प्रश्न काम हातात घेतानाच विचारायचा असतो.

पुन्हा एक श्वास. आता डोळे.

रंगाचं सारं काम उरकलं, की शेवटी डोळ्यांची आखणी. हे काम कारखान्यात सगळ्यांना देत नाहीत. बारीक ब्रश, रोखलेला श्वास, पापणीची एक रेघ, मग बुबुळ. समोर उभ्या राहणाऱ्याला ‘हा माझ्याकडे बघतोय’ असं वाटलं पाहिजे, आणि मूर्ती उंच असेल तर नजर खाली गर्दीत उतरली पाहिजे. कोलकात्याच्या कुमारटुलीत दुर्गेचे डोळे महालयेला रेखण्याची परंपरा आहे. तिथेही तो मान शेवटाचाच.

डोळे झाले तरी देवपण अजून यायचंच असतं. घरी पाटावर बसवल्यावर प्राणप्रतिष्ठेत दूर्वेने त्याच डोळ्यांना तूप लावतात. ते यजमानाच्या हातून होतं. कारागीर तिथे नसतो. आपण घडवलेल्याला कोण नमस्कार करतं, कोण नवस बोलतं, हे तो सहसा बघत नाही. मूर्ती घरोघर जाते ती चेहऱ्यावर रुमाल टाकून, आणि मूर्तीवर त्याचं नाव नसतं.

जरा मागे जाऊन बघा. गिरगावात केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक गणपती 1893 पासूनचा, लालबागच्या राजाचं मंडळ 1934 चं. दरवर्षी विसर्जन, दरवर्षी नवी मूर्ती. लालबागच्या राजाची मूर्ती कांबळी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या घडवत आलं आहे. 2017 च्या जुलैत, चतुर्थी महिन्यावर आलेली असताना, परळचे मूर्तिकार विजय खातू गेले. मूर्ती अर्ध्यावर होत्या. त्यांची मुलगी रेश्मा यांनी काम पुढे नेलं. एक हात थांबला त्या जागेपासून दुसऱ्या हाताला पुढे जाता आलं, कारण काम त्या जागेपर्यंत नेटकं झालेलं होतं. थांबण्याची खरी कसोटी हीच असावी.

आता स्वतःच्या कामाकडे या. घाई नाही. कोणतं काम झालेलं असूनही मी घासत बसलोय? कोणतं अजून ओलं आहे आणि मी त्याला उगाच ऊन दाखवतोय? कशाचं पुढचं पाऊल दुसऱ्याने उचलायचं आहे आणि मीच मध्ये उभा आहे? तिन्हींपैकी जो प्रश्न टोचला, तेवढाच धरा.

त्यातलं एक काम आज निवडा. ज्याच्या हाती द्यायचं त्याचं नाव ठरवा, पुढच्याला अडणार नाही इतकं ते नीट करा, आणि देऊन टाका. दिल्यावर ‘मी असतो तर असं केलं असतं’ हे वाक्य ओठांवर येईलच. ते तेवढं गिळा.