परकायाप्रवेश आणि मुदत

देह पालटल्यावर देहीचे काय टिकते आणि काय मागे राहते, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी इतक्या निकराने विचारला आहे की, त्यात नवे काही उरले असेल असे सहसा वाटत नाही. परंतु लहानशा यंत्राला घटनांना कसे सामोरे जावे हे शिकवणारी एक रचना टेबलावरच्या संगणकात नेण्याचे काम जवळून पाहिले, तेव्हा तोच प्रश्न माझ्यापुढे अशा रूपात उभा राहिला की, त्याचे उत्तर केवळ शब्दप्रामाण्यावर न सोडता घड्याळ लावून मोजता यावे.

ही रचना म्हणजे मिरो सामेक यांनी घडवलेले आणि २००२ सालच्या त्यांच्या ग्रंथातून मांडलेले ‘क्यूपी’ हे फ्रेमवर्क होय. त्याची जन्मभूमी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे काही थोड्या किलोबाइट स्मृतीवर एखादी मोटार किंवा पंप सांभाळणारी चिप. तेथे काम ‘ॲक्टिव्ह ऑब्जेक्ट’ नावाच्या घटकांत वाटलेले असते. प्रत्येकाची घटनांची रांग स्वतंत्र, प्रत्येकाच्या अवस्था नेमलेल्या. कोणी दुसऱ्याच्या दप्तरात हात घालीत नाही, जे सांगायचे ते घटना पाठवूनच सांगतो. आणि हाती घेतलेली घटना तडीस नेल्याशिवाय पुढचीकडे वळत नाही. याखेरीज आणखी एक बंधन असते, ते वेळेचे. रिअल-टाइम म्हणजे शीघ्र नव्हे, वेळेवर. मुदत टळल्यावर आलेले अचूक उत्तर तेथे चूकच ठरते.

आता ही रचना विंडोज अथवा लिनक्सवर पोर्ट करायची, तर प्रथम जाते ती तिची सत्ता. चिपवर नाजूक काम करताना कार्यक्रम क्षणभर सारे इंटरप्ट बंद करतो, आणि त्या क्षणापुरता त्याचा अंमल निरंकुश असतो. डेस्कटॉपवर सामान्य कार्यक्रमाला हा अधिकारच नाही. तेथे तो राजा नसून रयत आहे. म्हणून इंटरप्टबंदीच्या जागी एक म्यूटेक्स, म्हणजे सामाईक कुलूप, बसवावे लागते; ते फ्रेमवर्कच्या आपल्या थ्रेडना आवरते, पण बाहेरच्या जगाला आवरू शकत नाही. हार्डवेअरच्या टायमरऐवजी एक थ्रेड नेमला जातो, जो नेमका काळ झोपून उठतो आणि ‘ठोका पडला’ अशी वर्दी देतो. मात्र त्याने केव्हा उठावे हे अखेर ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. विंडोजचा ठोका मूळ ठेवणीत सुमारे १५.६ मिलिसेकंदांनी पडत आला आहे. तेव्हा एका मिलिसेकंदाची मागणी केली, तरी ती तेवढ्यातच पुरी होईल असा भरवसा धरता येत नाही. लिनक्सवर, परवानगी असल्यास, वरचा अग्रक्रम मागता येतो आणि स्मृतीही जागच्या जागी अडकवून ठेवता येते. पण अर्ज करून मिळालेला अग्रक्रम निराळा आणि जन्मजात अधिकार निराळा.

इतके गेल्यावर उरले काय? त्याचा दाखला या फ्रेमवर्कबरोबर येणाऱ्या एका उदाहरणातच आहे, आणि त्यातील पात्रे तत्त्वज्ञच असावीत हा योग मला अर्थपूर्ण वाटतो. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली विद्यार्थ्यांना घातलेल्या कोड्याला पुढे होअर यांनी दिलेले रूप असे : पाच तत्त्वज्ञ गोल मेजाभोवती बसले आहेत, दोघांदोघांच्या मध्ये एकेक काटा आहे, आणि जेवायला प्रत्येकाला डावा-उजवा असे दोन्ही काटे लागतात. क्यूपीच्या मांडणीत काटे मेजाच्या ताब्यात असतात; भूक लागलेला तत्त्वज्ञ मेजाला कळवतो, आणि दोन्ही काटे मोकळे असतील तेव्हाच मेज त्याला अनुज्ञा देते. हे उदाहरण चिपवर चालवा की डेस्कटॉपवर, शेजारचे दोघे एकाच वेळी कधीही जेवत नाहीत. अधिकार गेला, घड्याळ शिथिल झाले, पण न्याय ढळला नाही.

वेदान्तात स्वरूपलक्षण आणि तटस्थलक्षण असा भेद करतात. ज्या घरावर कावळा बसला आहे ते देवदत्ताचे, असे सांगितल्यावर घर ओळखता येते. पण कावळा उडून गेला म्हणून घर नाहीसे होत नाही. या न्यायाने मी प्रथम असे मानले होते की, क्रम हे या रचनेचे घर आणि वेळ हा त्यावर बसलेला कावळा. आज मला हे मत अपुरे वाटते, कारण ज्या रुग्णाच्या शिरेत पंपातून औषध जात आहे, त्याच्या दृष्टीने वेळेवर पडणारा थेंब हा कावळा खास नव्हे. वेळ हे स्वरूपही नाही आणि तटस्थलक्षणही नाही. ते वचन आहे. स्वरूप संहितेत लिहिता येते आणि लिहिलेले कोठेही नेता येते. वचन मात्र एका विशिष्ट देहाने एका विशिष्ट जगाला दिलेले असते, आणि ते त्या देहातच पाळावे लागते.

शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची परंपरागत कथा मला या प्रकाशात नव्याने उमगली. आपला देह शिष्यांच्या राखणीत ठेवून आचार्य मृत अमरुक राजाच्या शरीरात शिरले, तेव्हा आपला राजा पूर्वीचा नव्हे, हे मंत्र्यांनी त्याच्या शहाणपणावरूनच ताडले. म्हणजे ज्ञान नव्या देहातही झाकले गेले नाही. परंतु परतण्याची ठरलेली मुदत त्या देहात उलटून गेली, आणि तिचे स्मरण द्यायला शिष्यांनाच दरबारात जावे लागले. प्रज्ञा देहांतर सहन करते, मुदत करीत नाही, हे या कथेने केव्हाच सांगून ठेवले आहे.

चिप हाती येण्यापूर्वी रचनेतील दोष डेस्कटॉपवर शोधावेत, हा रिवाज म्हणूनच योग्य आहे. त्या तालमीत क्रम, मर्यादा आणि परस्परांचा न्याय यांची पारख मनासारखी करता येते. पण तेथे कार्यक्रम कितीही वेगाने धावला, तरी तेवढ्यावरून तो वेळेवर पोहोचेल अशी ग्वाही कोणी देऊ नये. ती ग्वाही देण्यासाठी राखून ठेवलेल्या मूळ देहाकडे परत जावे लागते आणि एकेक ठोका तेथेच मोजावा लागतो.