दारव्हा मोतीबाग जंक्शन

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा मोतीबाग स्टेशनातून पूर्वी पुसदकडे एक फाटा जात असे. तो फाटा कधीच उखडला गेला, पण नावातलं ‘जंक्शन’ टिकलं. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही मूळ गाडीही थांबली, तरी नाव तेच आहे.

लोक जिला शकुंतला म्हणतात, त्या छोट्या गाडीची ही लाइन. रूळ अडीच फुटी. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, दुसरीकडे अचलपूरपर्यंत ७६. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या इंग्रज पेढीने ती उभी केली, ती कापसासाठी. वऱ्हाडच्या काळ्या मातीतला कापूस मूर्तिजापूरला यायचा. तिथे छोट्या गाडीतल्या गाठी उतरवून मोठ्या लाइनच्या वाघिणींत भरायच्या, पुढे मुंबई बंदर आणि मँचेस्टर. या लाइनचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडलेलं. १९२३ पासून १९९४ पर्यंत ते इथे राबलं.

म्हणजे या स्टेशनांच्या मूळ हिशेबात गाठ आधी होती, माणूस नंतर. पण गाठी ट्रकमध्ये चढल्या तरी माणसं शकुंतलेतच बसत राहिली. एसटीचं भाडं ज्यांना जड जायचं त्यांची ती गाडी होती. अखेरच्या काळात बऱ्याच स्टेशनांवर कर्मचारीच उरले नव्हते. तिकीट गार्डच द्यायचा आणि फाटक लावायला गाडीतलाच माणूस खाली उतरायचा. गाडी सायकलच्या वेगाने चाले, आणि कुणाची त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती.

स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मात्र कागदोपत्री कंपनीचीच राहिली. ‘अजूनही इंग्रजांची रेल्वे’ असं म्हणत त्यावर वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. मला तो संताप नेहमी चुकीच्या दारात उभा वाटतो. मालक कोण, हे आपण तावातावाने विचारलं. गाडीत कोण बसतं, हे विचारायचं राहून गेलं. रूळ झिजत गेले, वेग आणखी उतरला, आणि एक दिवस फेरी बंद झाली, तेव्हा ज्यांचं नुकसान झालं त्यांची नावं कंपनीच्या वहीत नव्हती आणि सरकारच्या वहीतही नव्हती. मालकी कागदावर ठरते. पण एखाद्या गाडीला लोक बाईच्या नावाने हाक मारू लागतात, तेव्हा ती कुणाची झाली हे कुठल्या कागदावर लिहायचं?

आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ही मोठी लाइन दारव्ह्यावरून पुसदला जाणार आहे. तिची गरज आहे, ती व्हावीच. मोठी गाडी मोठ्या गावांना थांबेल. दोन गावं पलीकडे बाजाराला जाणारी, डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई तिच्यात कुठे चढणार, एवढं मला कुणीतरी सांगावं.