देवाला उन्हाळा लागतो का?

चैत्र सरून वैशाख लागला, की आपल्याकडच्या शिवालयांतून पिंडीवर गळती बांधली जाते आणि तिच्या बारीक छिद्रातून थेंबाथेंबाने पाणी अहोरात्र ठिबकू लागते. पंढरपुरास गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत विठ्ठलाच्या अंगाला चंदनाची उटी लागते. आणि छत्रपती संभाजीनगर, वेरूळ, पैठण या उन्हाने होरपळणाऱ्या मुलखातल्या साध्या घरांतूनही देवापुढे वाळ्याचे पाणी आणि कैरीचे पन्हे येते. सूर्याला ज्याच्यापासून तेज लाभले अशी आपली श्रद्धा, त्या परमेश्वरास आमच्या जिल्ह्यातल्या वैशाखाचा ताप होत असेल काय, हा प्रश्न वरवर पोरकट वाटला तरी माझ्या मते तो भक्तिमार्गाच्या अगदी गाभ्याचा आहे. आणि घरात मोसंबीचे गोठवलेले सरबत करण्याचा बेत ठरला, की तो माझ्यापुढे हटकून उभा राहतो, कारण त्या सरबताची पहिली वाटी आमच्याकडे देवाची असते.

मोसंबी हे या प्रांताचे लाडके फळ. जालन्याकडच्या आणि पैठण तालुक्यातल्या बागांतून मृगबहाराचा माल ऐन उन्हाळ्याच्या तोंडी बाजारात उतरतो. फळ सोलताना सालीखालचा पांढरा पापुद्रा निगुतीने काढावा लागतो आणि रस काढताना बी चिरडू द्यायचे नसते, कारण त्या दोहोंतला कडवटपणा एकदा रसात उतरला, की ठेवल्या वेळागणिक तो वाढतच जातो. तस्मात रस आता काढून सवडीने गोठवू म्हणणाऱ्याचे येथे काम नाही. रसात बेताची साखर, चिमूटभर सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून तो पसरट स्टीलच्या थाळीत ओतायचा आणि थाळी फ्रीझरमध्ये सपाट ठेवायची. तासाभराने दार उघडून पाहावे, तर मधला रस अद्याप पातळ असतो, परंतु थाळीच्या कडेने स्फटिकांची पातळ झालर धरलेली असते. ती काट्याने खरवडून मध्ये ओढायची, थाळी पुन्हा आत सारायची, अर्ध्या तासाने पुन्हा खरवडायचे, असे करता करता सगळ्या रसाचा भुरभुरीत, ओलसर, पिवळसर चुरा होतो आणि पेल्यात भरून वर थोडा ताजा रस ओतला की तो प्यावा की खावा हे ठरवता येत नाही. साखर कमी पडली तर थाळीत दगड हाती येतो आणि जास्त झाली तर चुरा धरतच नाही, कारण पाण्याचे कण एकमेकांस बिलगू पाहत असता साखर त्यांच्या मध्ये येते.

या सगळ्या खटाटोपात आपण थंडावा निर्माण केला असे आपल्याला वाटते, आणि येथेच विचाराला खरी जागा आहे. वैशेषिकांनी शीतस्पर्श हा पाण्याचा स्वतःचा गुण मानला. पाणी ऊन लागते ते त्यात शिरलेल्या तेजामुळे, अशी त्यांची उपपत्ती. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात विद्यार्थ्याला पाण्याचे लक्षण शिकवले जाते तेही याच शीतस्पर्शावरून. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की पाण्याचे गोठणे आणि वितळणे या दोन्हींचे कारण कणादांच्या सूत्रांत तेजाचा संयोग हेच सांगितले आहे. आजचे पदार्थविज्ञान निराळ्या परिभाषेत बोलत असले तरी एका बाबतीत ते आपल्याला याच दिशेने नेते: थंडी नावाची वस्तू कोणी बनवीत नाही, केवळ उष्णता एका ठिकाणची काढून दुसऱ्या ठिकाणी टाकली जाते. जुन्या पॉट आइस्क्रीमच्या लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ एकत्र आले, की वितळण्यासाठी लागणारी ऊब तो बर्फ आतल्या दुधातून ओढून घेई; अकबराच्या आबदारखान्यात सोऱ्याच्या साहाय्याने पाणी गार करीत, असे अबुल फज्लने नोंदवले आहे, तेथेही सोरा विरघळताना भोवतीची उष्णता घेतो, एवढेच कार्य. आमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज तेच काम विजेवर करतो, आणि ज्यास संशय असेल त्याने भर दुपारी त्याच्या पाठीमागे हात धरून पाहावा. मोसंबीच्या थाळीतून निघालेली ऊब तेथे बाहेर पडत असते, आणि ओट्याशी उभी राहून दुपारची भांडी घासणाऱ्या बाईच्या अंगावर ती येत असते.

म्हणजे माझा गारवा हा कोणाचा तरी ताप आहे. ही गोष्ट एकदा ध्यानात आली, म्हणजे थंड पेयाचा प्रश्न जिभेपुरता राहत नाही. गारव्याचा पहिला हक्क कोणाचा, असे त्याचे रूप होते.

आता वेदान्ती म्हणेल, की पूर्णकाम ईश्वरास कसलीच उणीव नाही, मग त्याला सरबत देण्यात अर्थ काय. उलट गीतेने शीत आणि उष्ण यांना येणारे-जाणारे स्पर्श म्हणून सोसण्याचाच उपदेश केला आहे, तेव्हा जे माणसानेही सोसावयाचे ते देवाला चुकवावयास का जावे? आक्षेप वजनदार आहे. परंतु ही तितिक्षा ज्याची त्याने स्वतःच्या तापाविषयी पाळावयाची आहे, दुसऱ्याच्या तहानेविषयी नव्हे, हे सांगण्यासाठी आम्हांला दूर जाण्याचे कारण नाही. काशीची गंगा कावडीत घालून रामेश्वरास निघालेल्या एकनाथांनी वाटेत वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात ती ओतली, ही कथा पैठणच्या पोराबाळांनाही पाठ आहे. रामेश्वराच्या पिंडीस त्या पाण्याची गरज होती काय? नव्हती, असे म्हटले तर सारी यात्राच व्यर्थ ठरते. होती, असे म्हटले तर ती गाढवापाशीच पुरी झाली. नाथांनी देवाची तहान खोटी मानली असती, तर त्यांनी काशीहून कावड खांद्यावर घेतलीच नसती, आणि जो कावड घेऊन इतका चालला त्यालाच वाटेवरची तहान ओळखू आली. याच नाथांच्या वाड्यात श्रीखंड्याच्या रूपाने प्रत्यक्ष श्रीकृष्णाने बारा वर्षे गोदावरीचे पाणी वाहिले, अशी परंपरा आहे, आणि ते पाणी ज्यात ओतले जाई तो रांजण नाथषष्ठीच्या काळात आजही भाविक भरतात. भक्त देवाला पाणी देतो आणि देव भक्ताच्या घरी पाणी भरतो. या देवघेवीत तहानेला लाज नाही आणि पाजणाऱ्याला मोठेपणाही नाही.

देवाला उन्हाळा लागतो असे मानणे हे अज्ञान नसून शिक्षण आहे, असे मी याच आधारावर म्हणतो. ज्याला भूक सांगता येत नाही, तहान मागता येत नाही, अशा मूर्तीपुढे उभे राहून तिला काय हवे असेल याचा विचार करण्याची सवय ज्या घरात रोज लागते, त्या घरातल्या माणसाला न मागणाऱ्याची तहान दिसण्याचा संभव अधिक. अक्षय्य तृतीयेच्या रिवाजाचे मर्मही मला येथेच दिसते. मराठवाड्यात त्या दिवशी करा-केळीची मातीची भांडी पाण्याने भरून पितरांच्या नावाने पुजतात, आंब्याच्या रसाचे पान त्यांना दाखवतात, आणि कित्येक घरांतली वडील माणसे तोवर आंबा तोंडात घालीत नाहीत. आंबा निषिद्ध आहे म्हणून नव्हे. गोड वस्तूत आपली पाळी पहिली नाही, एवढेच तो दंडक सांगतो. उन्हाळ्यातल्या भोगावर आपल्या धर्माने बंदी घातली नाही, त्याचा क्रम मात्र लावून दिला.

आमच्या छत्रपती संभाजीनगर शहराची घडणच अशा क्रमाने झाली आहे. 1610 साली खडकी या नावाने ते वसवणाऱ्या मलिक अंबरने डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी शहरात खेळवले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की फिरली ती फकीर आणि मुसाफिर यांच्या पिठासाठी, आणि तिथल्या हौदाखालचे दालन माथ्यावरच्या पाण्यामुळे उन्हाळ्यातही गार राहते. हिजरी सन चांद्र असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि काही वर्षे भर वैशाखात येतो; त्या दिवसांत पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसापुढे जेव्हा सरबताचा पेला येतो, तेव्हा थंडाव्याची खरी किंमत काय हे आमच्यासारख्या दिवसातून चार वेळा फ्रिज उघडणाऱ्यांनी त्याच्या मुद्रेवरून वाचावे. रोजेदाराचा रोजा सोडवणाऱ्यास त्या रोज्याइतकेच पुण्य लाभते आणि रोजेदाराचे तसूभरही घटत नाही, असे हदीस सांगते. तहान एकाची, पेला दुसऱ्याचा आणि पुण्य दोघांचे पुरे. याहून न्याय्य वाटणी मला ठाऊक नाही.

मात्र या सगळ्या सरबती धर्मविचाराला निरुत्तर करील असा पक्ष एकच आहे, आणि तो जैनांचा. त्यांच्या शास्त्रात पाणी हे स्वतःच जीवांचे शरीर आहे, त्या जीवांना अप्काय म्हणतात, आणि श्वेतांबर परंपरेच्या बावीस अभक्ष्यांत बर्फ आणि गारा या दोहोंची गणना केलेली आहे. गारव्यासाठी कोणाला तरी ताप होतो एवढेच आम्ही म्हणालो. ते म्हणतात, तुमच्या पेल्यातच असंख्यांचा घात आहे. या मताचे खंडन करण्याचा माझा अधिकार नाही आणि इच्छाही नाही. परंतु ज्या शहराने आठवड्यातून एकदा नळाला पाणी येण्याचे उन्हाळे पाहिले, ज्याला जायकवाडीच्या नाथसागरातून पाणी उपसून आणावे लागते, ज्याच्या वस्त्यांतून टँकरमागे घागरींची रांग धावते, त्या शहरात पाणी सजीव आहे असे समजून वागणारा शेजारी मला आमच्यापेक्षा अधिक शहाणा वाटतो. थाळी विसळलेले पाणी तुळशीला घालणे, दोघांना पुरेल एवढाच रस गोठवणे, शिळा झाला म्हणून मोरीत न ओतणे, इतके तरी त्याच्याकडून घेता येते. आणि तो घरी आला तर त्याच्यासाठी मोसंबीचा रस आधीच बिनबर्फाचा वेगळा काढून ठेवावा, तो का घेत नाही याची चर्चा काढू नये.

आमच्या घरचा क्रम सध्या असा आहे: पहिली वाटी देवापुढे, आणि ती वितळून जायच्या आत, तुळशीचे पान काढून, ओट्याशी भांडी घासणाऱ्या बाईच्या हातात. तिने ती पुरी संपवल्याखेरीज घरातल्या कोणाचा पेला भरला जात नाही.