दिवठणीवरचा दिवा

शास्त्रपाठ : मत्तय ५:१४–१६

आपली मंडळी दहावीस घरांची, मंदिर लहान. मग गावात ती दिसावी कशी, असा प्रश्न पुष्कळ ठिकाणी पडतो. कोणी म्हणतात, मनोरा उंच बांधावा. कोणी म्हणतात, घंटा मोठी आणावी. ह्या गोष्टी वाईट नव्हेत. परंतु डोंगरावरील नगर व दिवठणीवरील दिवा हे दृष्टान्त देऊन प्रभूने शिष्यांचे लक्ष सत्कृत्यांकडे वेधले. देवगिरीचा किल्ला कित्येक कोसांवरून दिसतो, पण त्याने कोणाच्या घरातला अंधार जात नाही. तो लहानशा दिव्याने जातो.

छत्रपती संभाजीनगरातील औरंगपुऱ्यात, भर रहदारीच्या जागी, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे पुतळे आहेत. येणारेजाणारे त्यांस आदराने पाहतात. ह्या दोघांच्या कार्यास जेथून उजेड मिळाला, त्यांपैकी एका दिव्याचे स्मरण आपण करावे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरारबाई १८२७ साली मुंबईस आल्या. पुढे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या व १८६२ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या शाळेचे काम जोतीरावांनी पाहिले, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीरावांनी बाप्तिस्मा घेतला नाही. तरी जे चांगले दिसले ते त्यांनी उचलले, आणि आपल्या लोकांत कितीतरी पुढे नेले. फॅरारबाई आपले नाव व्हावे म्हणून झटल्या नाहीत. त्या मुलींस अक्षरे शिकवीत राहिल्या.

औरंगपुऱ्याहून पूर्वेस जालना आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ, बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसविली. तेथील बंधुजन बहुतेक मांग समाजातले होते. गाव ज्यांची सावली टाळीत असे, त्यांचा हा ब्राह्मणकुळातला मनुष्य पाळक झाला. हे पाहिल्यावर, ख्रिस्त काय करू शकतो हे आसपासच्या गावांस निराळे सांगावयास नको होते.

आता आपण आपणांकडे पाहू. सोयरीक जुळविताना आपण आजही जुनी जात विचारतो काय? मंडळीतील तंटे वर्षानुवर्षे कोर्टात खितपत ठेवतो काय? रविवारचा उपदेश ऐकावयास शेजारी येत नाही, पण सोमवारच्या बाजारात तो आपले माप पाहतो. प्रभू म्हणतो, दिवा मापाखाली ठेवू नये. बंधूंनो, खोट्या मापाखाली दिवा झाकला गेला, तर मंदिरात कितीही दिवे लाविले तरी गावास अंधारच दिसेल.

ह्याच उपदेशात प्रभूने, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, असेही बजाविले आहे. हे दोन उपदेश परस्परविरुद्ध नाहीत. कृत्य पाहून लोक आमची स्तुती करतील, तर आमचा मोबदला तेथेच संपला. पित्याचे गौरव करतील, तर दिवा आपल्या जागी आहे.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, मनोऱ्यासाठी वर्गणी जमविण्यापूर्वी एक करावे. सायंकाळी मंदिराचे दार उघडून दिवा लावावा, आणि ज्या मुलांस घरी अभ्यासास जागा नाही अशा गावातील सर्व मुलांस तेथे बसू द्यावे. जात विचारू नये, धर्म विचारू नये. त्यांतील एखादी मुलगी मोठी होऊन पुढे काय करील, हे आपणांस ठाऊक नाही. फॅरारबाईंसही ते ठाऊक नव्हते. तेल घालणे आपल्याकडे आहे, प्रकाश पोहोचविणे देवाकडे. तो आपल्या मंडळ्यांस हे करावयास कृपा देवो. आमेन.