पंधरा वर्षें अधिक

वचनभाग: दुसरे राजे, अध्याय २०



यहूदाचा राजा हिज्कीया मरणास टेंकला होता. यशया संदेष्ट्यानें येऊन त्याचा अंत जवळ आल्याचें त्यास स्पष्ट कळविलें. राजानें भिंतीकडे तोंड फिरविलें, प्रार्थना केली, आणि तो फार रडला. संदेष्टा राजवाड्याच्या मधल्या चौकांतून बाहेर पडला नव्हता तोंच त्यास परत फिरण्याची आज्ञा झाली, आणि राजाच्या आयुष्यांत पंधरा वर्षांची भर पडली. आमच्या मंडळ्यांत ही कथा पुष्कळ वेळां सांगितली जाते, आणि बहुधा येथेंच थांबते. परंतु ह्याच अध्यायांत दोन गोष्टी अशा आहेत कीं, वाचतांना त्यांवरून आमची दृष्टि घसरून जाते. एक अंजिरांची, आणि दुसरी त्या पंधरा वर्षांची.

आयुष्य वाढविण्याचें वचन मिळाल्यावर यशयानें काय केलें? त्यानें अंजिरांची ढेप आणावयास सांगितली, आणि ती राजाच्या गळवावर ठेवण्यांत आली. ज्या देवानें केवळ शब्दानें जग उत्पन्न केलें त्यास अंजिरांची गरज ती काय? तथापि अंजीरें आणविलीं गेलीं. यहूदांत अंजीर म्हणजे कांहीं दूरदेशचें महाग औषध नव्हे. तें दारचें झाड. देवाचें मोठें दान आणि दारच्या झाडाचें फळ हीं दोन्ही एकाच प्रसंगीं, एकाच खाटेपाशीं आलीं, आणि एकानें दुसऱ्याचा अपमान झाला असें संदेष्ट्यास वाटलें नाहीं.

आमच्यापैकीं कित्येक म्हणतात कीं, आयुष्याची दोरी प्रभूच्या हातीं आहे, मग काय खावें, काय सोडावें, किती निजावें ह्याचा विचार कशास? हें बोलणें ऐकावयास भक्तीचें वाटतें. परंतु हेच बंधु रात्रीं शेताच्या बांधावरून जातांना हातांत विजेरी घेतात, आणि पेरणीपूर्वीं बियाणें निवडून घेतात. सापापासून राखणारा आणि पीक वाढविणारा प्रभुच आहे हें त्यांस ठाऊक असतें, तरी ते विजेरी घरीं ठेवीत नाहींत. मग शरीराविषयींच हा विचार कां सुचावा? पौलानें करिंथ येथील मंडळीस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत बजाविलें आहे कीं, विश्वासणाऱ्याचें शरीर पवित्र आत्म्याचें मंदिर असून तें त्याच्या स्वतःच्या मालकीचें नाहीं. उपासनेच्या मंदिराचें छप्पर गळूं लागलें तर आपण वर्गणी गोळा करितों. देवाची इच्छा म्हणून तें गळूं देत नाहीं.

अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं लोमा लिंडा नांवाचें गांव आहे. तेथें सातव्या दिवसाचे अ‍ॅडव्हेंटिस्ट ह्या मंडळीचे लोक पुष्कळ राहतात. पुण्याजवळ औंध येथें त्यांचें स्पायसर विद्यापीठ असल्यामुळें आमच्या वाचकांस हें नांव अगदींच अपरिचित नसेल. शब्बाथाच्या दिवसाविषयीं त्यांचें आणि आमचें मत एक नाहीं, आणि तो वाद येथें काढण्याचें कारणही नाहीं. त्या मंडळींत पहिल्यापासून तंबाखू व मद्य वर्ज्य आहे, अनेक जण मांस खात नाहींत, आणि आठवड्यांतून एक दिवस ते कामधंदा सर्वस्वी बाजूस ठेवतात. विद्वानांनीं १९५८ सालापासून ह्या लोकांच्या राहणीची व आयुष्याची नोंद ठेवण्यास आरंभ केला. पुढें ३४ हजारांहून अधिक जणांची अनेक वर्षें नोंद ठेवून जो हिशेब २००१ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत असें दिसून आलें कीं, त्याच प्रांतांतील इतर गौरवर्णी लोकांपेक्षां ह्या मंडळीचे पुरुष सरासरीनें सुमारें ७ वर्षें, आणि स्त्रिया ४ वर्षांहून थोड्या अधिक जगतात. पांच संवयी त्यांनीं विशेष मोजल्या: तंबाखू कधींच न ओढणें, शरीरास नियमित श्रम देणें, शाकाहार, वजन बेताचें राखणें, आणि आठवड्यांतून अनेक वेळां मूठभर बदाम, अक्रोड अथवा शेंगदाणे खाणें. ह्या गोष्टी पाळणारा व न पाळणारा ह्यांच्या आयुष्यांत सुमारें १० वर्षांचा फरक पडूं शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

वाचक म्हणेल, हें सारें अमेरिकेंतील श्रीमंतांचें. परंतु यादी पुन्हां पाहावी. बदाम आम्हांस परवडत नाहींत. शेंगदाणा तर आमच्याच शेतांत होतो. ज्वारीबाजरीची भाकरी, मटकी, हुलगे, चाकवत, तांदुळजा, जवसाची अथवा कारळ्याची चटणी, हें आमच्या आजोबांचें जेवण होतें. आतां त्याच्या जागीं दुकानांतील बिस्किटाचा पुडा आणि दिवसांतून पांच वेळां साखरेचा चहा आला आहे, आणि ह्यास आपण सुधारणा म्हणतों! दानीएल व त्याच्या मित्रांनीं राजाच्या पक्वान्नांऐवजीं दहा दिवस भाजीपाला व पाणी मागितलें, तेव्हां कारभारी घाबरला होता. दहा दिवसांनीं तेच इतरांहून सतेज दिसले. मिठाविषयींही एक शब्द. माणसानें दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभर, मीठ खावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे तेवढें एकट्या लोणच्यापापडांतून पोटांत जावयास वेळ लागत नाहीं. रक्तदाब वाढतांना दुखत नाहीं, म्हणून तो कळत नाहीं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत तो मोजून घेण्यास कांहीं वेळ लागतो, एवढेंच.

श्रमाविषयीं शेतकऱ्यास काय सांगावें? तरी काळ बदलला आहे. लंडन शहरांत जेरी मॉरिस नांवाच्या डॉक्टरानें बसगाड्यांवरील नोकरांची तपासणी करून १९५३ सालीं ती प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून असे. तिकिटें देणारा वाहक दुमजली गाडीचा जिना दिवसभर चढे आणि उतरे. गाडी एक, पगाराची वर्गवारी जवळपासची, परंतु हृदयविकार वाहकांत कमी आढळला. (हा डॉक्टर स्वतः ९९ वर्षें जगला.) आमच्या गांवांतील तरुणांस मंदिर दोन फर्लांगांवर असलें तरी मोटारसायकल लागते, आणि मंदिरांत आल्यावर भजनास उभें राहावयाचें तर त्यांचे पाय दुखतात.

परंतु ज्या गोष्टीसाठीं आम्हीं आज मुख्यत्वें लेखणी उचलली ती तंबाखू होय. दारूविरुद्ध आमच्या मंडळ्यांत पुष्कळ प्रवचनें झालीं आहेत, आणि तें योग्यच झालें. पण पंचांपैकीं एखादा दारू पितो असें कळलें तर सभा भरते. तोच पंच उपासनेपूर्वीं मंदिराच्या ओट्यावर बसून तळहातावर तंबाखू मळतो, तेव्हां पाळकसाहेब स्वतः त्यास चुना देतात. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. मिश्री तर घरांतच तव्यावर भाजली जाते. तिच्यावर बंदी कोणीं घालावी? आमच्या कित्येक माताभगिनी प्रातःकाळीं प्रार्थनेच्या आधीं मिश्री लावितात, आणि ती लाविल्याखेरीज पोट साफ होत नाहीं, डोकें हलकें होत नाहीं असें सांगतात. भारतांत तोंडाच्या कर्करोगाचें मोठें कारण हाच न पेटविलेला तंबाखू आहे. गरोदर स्त्रीनें तो वापरला तर बाळ कमी वजनाचें जन्मण्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्या बाळास आपण बाप्तिस्म्यासाठीं हातांवर घेऊन येतों, त्याच्या आयुष्यांतून कांहींएक आपण त्याच्या जन्मापूर्वींच काढून घेतलेलें असतें.

धूम्रपानाविषयींचा हिशेब तर फारच स्पष्ट आहे. ब्रिटनांत रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल ह्या दोघांनीं १९५१ सालीं तेथील डॉक्टर लोकांसच त्यांच्या ओढण्याविषयीं प्रश्न विचारले, आणि पुढें पन्नास वर्षें त्या पुरुषांची नोंद ठेवण्यांत आली. २००४ सालीं उत्तर छापून आलें: सिगारेट ओढणारे हे न ओढणाऱ्यांपेक्षां सरासरीनें १० वर्षें आधीं मेले. पण त्याच उत्तराचा दुसरा भाग आम्हांस सुवार्तेसारखा वाटतो. ज्यानें तिसाव्या वर्षीं सोडली त्यास जवळजवळ ती सर्व १० वर्षें परत मिळालीं. चाळिसाव्या वर्षीं सोडणाऱ्यास ९, पन्नासाव्या वर्षीं ६, आणि साठाव्या वर्षीं सोडणाऱ्यासही ३ वर्षें मिळालीं. आतां ह्या वयांत सोडून काय होणार, असें म्हणणाऱ्या वृद्ध बंधूनें हा शेवटचा आंकडा लक्षांत ठेवावा. द्राक्षमळ्यांत सायंकाळीं आलेल्या मजुरालाही धन्यानें रिकाम्या हातानें धाडलें नाहीं. बिडी ही सिगारेटीहून सौम्य आहे असें कोणी मानूं नये.

ह्यासंबंधानें दोन ठिकाणीं आम्ही वाचकांस सावध करूं इच्छितों. २०१६ सालीं अमेरिकेंतील ७४ हजारांहून अधिक परिचारिकांच्या १६ वर्षांच्या नोंदीवरून असें प्रसिद्ध झालें कीं, ज्या स्त्रिया आठवड्यांतून एकाहून अधिक वेळां उपासनेस जात त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण कधींच न जाणाऱ्यांपेक्षां सुमारें एक तृतीयांशानें कमी होतें. त्यांचें धूम्रपान कमी, खिन्नता कमी, आणि एकमेकींचा आधार अधिक, हीं त्याचीं कांहीं कारणें दिसून आलीं. ही वार्ता वाचून आम्हांस आनंद झाला. पण कोणी पाळकानें उद्यां व्यासपीठावरून, मंदिरांत या म्हणजे आयुष्य वाढेल, असें सांगूं नये. प्रभु येशूनें आपल्या मागें येणाऱ्यांस दीर्घायुष्याचें नव्हे, वधस्तंभाचें आमंत्रण दिलें, आणि तो स्वतः पस्तिशीच्या आंतच मरण पावला. जो आयुष्यासाठीं देवाकडे येतो तो देवाकडे आलेलाच नसतो. मात्र ह्या वार्तेवरून एक गोष्ट घ्यावी: जो म्हातारा बंधु तीन रविवार दिसला नाहीं, त्याच्या दारीं जाऊन बसणें हें देखील त्याचें औषध आहे.

दुसरें सावध करणें आजाऱ्यांविषयीं. हे सर्व आंकडे सरासरीचे आहेत. एकट्या माणसाचा न्याय त्यांनीं करितां येत नाहीं. आमच्या मंडळ्यांत तंबाखूस कधीं न शिवलेली, पहाटे उठून शेतांत राबणारी, नेमस्त खाणारी माणसें चाळिशींत गेलेलीं आहेत, आणि बिडी ओढणारा एखादा आजोबा नव्वदीस पोहोंचला आहे. कर्करोगानें खाटेवर पडलेल्या भगिनीपाशीं जाऊन, तूं हें खाल्लेंस म्हणून तुला हें झालें, असें बोलणारे लोक ईयोबाच्या मित्रांचे वंशज होत. त्या मित्रांनीं पहिले सात दिवस केलें तें उत्तम केलें: ते भुईवर त्याच्याजवळ गप्प बसले. शिवाय कित्येकांच्या संवयी त्यांच्या हातींच नसतात. घरांतील सर्वांचें जेवण झाल्यावर उरलें तें खाणाऱ्या सुनेस पालेभाजीचा उपदेश करण्यापूर्वीं तिच्या घरच्या पुरुषांनीं तिला आपल्याबरोबर पानावर बसवावें. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबास आठ तास झोंप घ्या असें कोणत्या तोंडानें सांगावें?

आतां त्या पंधरा वर्षांकडे वळूं. हिज्कीयानें तीं कशीं घालविलीं? बाबेलच्या राजानें त्याच्या दुखण्याचें वर्तमान ऐकून वकील पाठविले. बऱ्या झालेल्या राजानें त्यांस आपलें भांडार, रुपें, सोनें, सुगंधी द्रव्यें, शस्त्रागार, सर्व कांहीं दाखविलें. ज्यानें वर्षें दिलीं त्याविषयीं तो त्यांच्याशीं एक शब्द बोलल्याचें ह्या अध्यायांत लिहिलेलें नाहीं. हें सर्व एके दिवशीं बाबेलास नेलें जाईल आणि तुझ्या वंशांतील मुलेंही नेलीं जातील, असें यशयानें सांगितलें, तेव्हां आपल्या काळापुरती तरी शांति राहील एवढ्यावर त्यानें समाधान मानलें. पुढच्याच अध्यायांत त्याचा पुत्र मनश्शे बारा वर्षांचा असतांना गादीवर बसला असें आहे. हिशेब करून पाहावा: हा मुलगा त्या वाढलेल्या वर्षांतच जन्मला आणि त्याच घरांत वाढला. यहूदाच्या राजांत मूर्तिपूजेनें व निर्दोष रक्तानें देश भरून टाकणारा तो हाच. बापाचा हात बारा वर्षें त्याच्या डोक्यावर होता.

तीमथ्याच्या घरीं निराळें घडलें. त्याचा बाप हेल्लेणी होता. त्यास लहानपणापासून पवित्र शास्त्राची ओळख होती, आणि पौलानें त्याच्या विश्वासाचा उगम शोधतांना प्रथम नांव घेतलें तें आजीचें, लोईसचें, मग आई युनीकेचें. लोईसविषयीं आम्हांस ह्याहून अधिक कांहीं सांगितलेलें नाहीं. ती किती वर्षें जगली हें लिहिलेलें नाहीं. नातवास वचनें शिकविण्यापुरती जगली हें मात्र निश्चित. आमच्या मंडळ्यांत लोईसच्या वयाच्या भगिनी पुष्कळ आहेत. रविवारशाळेंत जीं मुलें वचनें घडघड म्हणून दाखवितात, त्यांपैकीं अनेकांस तीं आजीनेंच चुलीपाशीं शिकविलेलीं असतात. तंबाखूचा पुडा आणण्यासाठीं दुकानीं धाडलें जातें तें देखील ह्याच मुलांना. येत्या महिन्याच्या महिला मंडळाच्या सभेंत ह्या एका गोष्टीविषयीं, कोणाचें नांव न घेतां आणि कोणास न लाजवितां, बोलणें व्हावें, आणि ज्या भगिनींस सोडावयाचें आहे त्यांच्याबरोबर दुसऱ्या एकीनें रोज सकाळीं त्या कठीण घटकेस येऊन बसावें, अशी आमची पाळकांस व मंडळांच्या चालिकांस विनंति आहे.